कुंदा आणि पिवळी बुंदी

सकाळी चहा टाकत होते, तेवढ्यात वसंतदादांचा फोन आला. "शालू, कुंदी गेली वो..." एवढंच बोलले. कुंदा माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, दादांची धाकटी बहीण. आतड्याच्या कॅन्सरनं गेली. अंत्यसंस्काराला उभी होते, तर मागं कोणीतरी हसत पुटपुटलं, जन्मभर लोकांच्या खाण्यातला कॅन्सर शोधत बसली अन् शेवटी हिलाच झाला पाहा. अशी चीड आली! डॉक्टरला ताप येत नाही का? त्यात हसण्यासारखं काय आहे?

आम्ही दोघी वर्ध्याला बीएस्सी झालो. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत खडू झिजवले. ती अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मिठाई, मसाले, तेल यांतलं विष शोधत राहिली. कोणाच्याही लग्नाला ही सोबत असली म्हणजे माझा जीव टांगणीला. जिलेबी जरा जास्तच पिवळी दिसली की हिनं ती ग्लासातल्या पाण्यात चुरलीच... कापड रंगवायचा मेटॅनिल यलो स्वस्त पडतो, डोळ्यांत भरतो, आणि खाण्यात घालायला त्याला बंदी आहे ती कॅन्सरच्या धोक्यापायीच. अ‍ॅसिडचे थेंब टाकले की तो गुलाबी होतो. लाल तर हळदही होते, म्हणून कुंदा लगेच कोणावर आळ घेत नसे. भरपूर पाणी घालायची. हळदीची लाली उतरते, या रंगाची उतरत नाही. तोवर वरपक्षाची तोंडं मात्र वाकडी झालेली असायची.

एका मिठाईवाल्याच्या बुंदीत तिला हा रंग सापडला होता. रिपोर्ट गेला, खटला उभा राहिला, आणि मग तारखा. ती निवृत्त झाली तरी तारखा चालूच. पिपरी मेघेच्या तिच्या घरी शेवटचं भेटले तेव्हा घशाखाली पाणी उतरत नव्हतं, आणि बाई विचारत काय होती? "त्याचं दुकान सुरूच हाये ना?" मी हो म्हटलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

पुण्यानुमोदनाचं, म्हणजे तिच्या स्मरणाचं जेवण नाचणगावला दादांच्या घरी होतं. तिला लहानपणी आवडायचे म्हणून दादांनी बुंदीचे लाडू मागवले. खोके उघडले आणि माझं डोकंच फिरलं... त्याच दुकानाचं नाव! दादांना खटला ठाऊक होता, दुकान नाही. नावं ती घरी सांगत नसे, माझ्याजवळ एकदा चिडून बोलली तेवढंच. मी न्हाणीघरातलं फरशीचं अ‍ॅसिड आणलं. लाडवाचं पाणी गुलाबी झालं. पाणी घातलं, आणखी घातलं... तसंच. एक नातेवाईक म्हणाले, बाई, दुःखाचं घर आहे, आज राहू द्या, एका लाडवानं काय होते? काय होते म्हणे! हेच ऐकत कुंदाची सारी नोकरी सरली. दादा पंगतीत शिरले आणि पोरासोरांच्या पत्रावळीवरचे लाडू स्वतःच्या हातानं उचलत सुटले.

दुसऱ्या दिवशी मला विचारायला लागले, हे तपासायला कुठं द्यायचं? मी सांगितलं, ग्लासातला रंग म्हणजे नुसता संशय, खात्री प्रयोगशाळेतच होते, आणि उघडलेला खोका चालत नाही. गिऱ्हाईकालाही नमुना देता येतो, पण विकत घेतानाच दुकानदाराला तसं तोंडावर सांगावं लागतं. आयुष्यात कोणाशी चढ्या आवाजात न बोललेले दादा... मला वाटलं, माघार घेतील.

सणाचे दिवस, दुकानात ही गर्दी. दादा काउंटरशी गेले. "बुंदीचे लाडू दे. आमाले हे तपासाले न्याचे हायेत."  मालक हसला, खुशाल न्या म्हणाला, बिल कोणाच्या नावानं करू? दादांनी कुंदाचं पूर्ण नाव सांगितलं. त्यानं चटकन मान वर केली. कोर्टात साक्षीला उभ्या राहिलेल्या बाईचं नाव कसं विसरेल?

"त्या तर वारल्या ना?"

"हो," दादा म्हणाले. "लिही."

त्यानं लिहिलं. मेलेल्या माणसाचं बिल कायद्यात चालत नाही, म्हणून मागून मीही मालकाला तपासणीचं सांगून माझ्या नावानं वेगळे लाडू घेतले. ते तपासणीला गेलेत. कुंदाच्या नावाचं बिल दादांनी तिच्या फोटोखाली ठेवलंय... तपासणीचा निकाल आला की त्याच्या शेजारी लावायचा आहे.