एका मांडवातलं दुसरं लग्न

वीज कंपनीत मी कायम झाले तेव्हा गावातल्या शाळेनं माझा सत्कार केला. शाल, नारळ, फेटा. मुख्याध्यापक माईकवर म्हणाले, ‘‘याच शाळेत दहावीला नापास झालेली ही मुलगी आज खांबावर चढते. कष्टाला पर्याय नाही.’’ पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडून बसले होते आणि आतून संताप येत होता. कष्ट मी केले, नाही म्हणत नाही. पण माझ्याहून जास्त राबणारी, माझ्याहून हुशार पोरगी याच शाळेतून पहिली आली होती. तिला कुणी फेटा बांधला नाही. ती माझी अक्का.

आमच्याकडं सख्ख्या बहिणी सख्ख्या भावांना देतात. एक मांडव, एक जेवण, एकच वाजंत्री. याला लोक व्यवहार म्हणतात. अक्का बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झाली, त्याच वर्षी मी गणितात गचकले, आणि माकणीकडचं दोन भावांचं स्थळ आलं. अक्काला नर्स व्हायचं होतं. मी तर सोळाची. कायदा सगळ्यांना ठाऊक होता, पत्रिका छापणाऱ्यालासुद्धा.

‘‘नापास पोरगी घरात ठिवून काय लोणचं घालायचंय?’’ चुलते म्हणाले.

अक्का भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘‘मी हुबी ऱ्हाते. पण एकटी. हिला शिकू द्या. न्हायतर दोघीबी न्हाय.’’

मांडवात एकच लग्न लागलं. त्या दोघांतल्या धाकट्या भावाला दुसरीकडची मुलगी मिळाली. मी पुन्हा परीक्षेला बसले.

गणित तिनंच शिकवलं, फोनवर. सासूचा डोळा लागला की ती गोठ्यात जाऊन बोलायची. ‘‘एक्स पलीकडं गेला की चिन्ह बदलतंय, येडे. सासरी गेलेल्या पोरीवानी.’’ मी हसायचे. तीही हसायची.

पास झाले. उमरग्याला आयटीआयमध्ये वायरमनला नाव घातलं. वर्गात मी एकटीच मुलगी. ‘‘शिवणकाम पलीकडच्या खोलीत हाय, ताई,’’ असं पोरं रोज सांगायची. पहिल्यांदा खांबावर चढले तेव्हा अर्ध्यावरच खांबाला मिठी मारली आणि खाली हशा पिकला. सगळे गेल्यावर मी एकटी परत चढले. पुढं कंत्राटावर राबले. कंत्राटी माणसाला धड हातमोजे मिळत नाहीत, जीव मात्र त्याचाच जातो. म्हणून पत्रकं लिहिली, एसटी स्टँडवर वाटली. कामावरून काढलं. पुन्हा अभ्यास, पुन्हा भरती, पुन्हा नाव नाही. शेवटी लागले. हे सगळं करताना डोक्यात एकच होतं, कायम झाले की अक्काला शिकवायचं.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. सासूबाई म्हणाल्या, ‘‘या वायरमनबाई, आमची लाईट कधी जाऊ देऊ नका.’’ दाजींनी खुर्ची टाकली आणि माझं कौतुक करायला म्हणून अक्काला म्हणाले, ‘‘बघ, एका माईच्या पोटच्या दोघी. ही कुठं गेली अन् तू कुठं. शीक कायतरी बहिणीकडून.’’

मी तोंड उघडलं. अक्कानं माझ्या हातात चहाचा कप दिला आणि मानेनंच नको म्हणाली. चौकात मी साहेबालाही सोडत नाही. त्या ओसरीवर मी चहा गिळला.

निघताना ती गाडीपर्यंत आली. मी भराभरा सांगितलं. धाराशिवला नर्सिंगचा कोर्स आहे, फी माझ्याकडं, लेकरं माय सांभाळते म्हणाली आहे.

‘‘आता कुठं गं. वय गेलं.’’

‘‘न्हाय गेलं. मी चौकशी करून आले. अजून बसतीस तू त्यात.’’

‘‘खरंच?’’

‘‘व्हय.’’

तिनं पदरानं गाडीच्या टाकीवरची धूळ पुसली. धूळ निघाली तरी पुसतच राहिली.

‘‘हे इचारून यायचं नव्हतं बघ,’’ ती म्हणाली. ‘‘वय गेलं, आता काय होत न्हाय, असं समजून बसले होते. बरं चाललं होतं माझं.’’

घरातून सासूबाईंची हाक आली. ती गेली. मी गाडी चालू केली. कुणाविरुद्ध ओरडायचं, ते मला पहिल्यांदाच कळत नव्हतं.

त्या वर्षीचे प्रवेश संपले. तिच्याकडून काही निरोप आला नाही. फोन मात्र करते. हातमोजे घालत जा म्हणते, जेवलीस का विचारते. मी हळूच पुढच्या वर्षीचं काढलं की म्हणते, ‘‘ठेवते गं, दूध उतू चाललंय.’’

भरदुपारी. त्या वेळी त्यांच्या चुलीवर दूध नसतं.