पायांचं पिक्चर

आईचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता. गव्हाणच्या मिठागरात जन्म काढलेल्या बाईचा फोटो कोण काढणार? म्हणून आर्ट स्कूलमधला माझा जिवलग मित्र सोळा एमएमचा कॅमेरा घेऊन मिठागराचं पिक्चर काढायला निघाला, तेव्हा मी एकच अट घातली. आईचा चेहरा नीट आला पाहिजे. तो म्हणाला, "हे काय सांगणं झालं? तुझी आई ती माझी आई." मी भोळा सांब, विश्वास ठेवला.

आई लग्नातलं लुगडं नेसून आली. फोटो काढताना हलायचं नसतं, एवढं तिनं ऐकलेलं. सिनेमाच्या कॅमेऱ्यापुढे हलायचं असतं हे तिला कुठून ठाऊक असणार? ती वाफ्यातल्या खाऱ्या पाण्यात ताठ उभी राहिली, पापणीसुद्धा न लववता. मी म्हणालो, "आई, चाल जरा, मीठ ओढ." तर ओठ न हलवता पुटपुटली, "गप रं, तोंड बिगडंल."

मित्र हसला नाही. उलट खूष झाला. "त्यांना हलवू नकोस," म्हणाला आणि उन्हं कलेपर्यंत कॅमेरा चालवत राहिला.

पुढे पनवेलला शाळेच्या हॉलमध्ये पिक्चर दाखवलं. अर्धं गाव बैलगाड्या जुंपून आलं. आई सगळ्यांत पुढे, सतरंजीवर. पडद्यावर ना गाणं, ना गोष्ट. नुसते दोन पाय, घोट्यापर्यंत. भोवतीचं पाणी सुकत जातंय, मीठ धरतंय. टाचांच्या भेगा ओळखून बायका हसल्या. आई मला विचारत राहिली, "माजं तोंड कवा येल रं?" मी म्हणालो, येईल, थांब. दिवे लागले तेव्हा तिनं पदर सारखा केला आणि गाडीत जाऊन बसली.

मी मित्राला बाहेर गाठलं. तो शांतपणे म्हणाला, "चेहरा आला की गोष्ट सुरू होते. मला गोष्ट नको होती." मी पाठ फिरवली आणि गाडीत आईशेजारी जाऊन बसलो.

मुंबईत मात्र त्या पायांनी सगळ्यांना वेड लावलं. आमच्यातला एक चित्रकार निसर्गचित्रं सोडून भेगाळलेले पायच रंगवायला लागला, वर खरंखुरं मीठ चिकटवायचा. एकानं पायांची शिल्पं केली. एका नाटकवाल्यानं नटांना अख्खा अंक नुसतं उभं केलं. जो तो माझी पाठ थोपटायचा, काय आई आहे रे तुझी! रस्त्यात समोर आली असती तर एकालाही ती ओळखता आली नसती. आणि पिक्चर खरोखरच चांगलं होतं, हे तर जास्तच झोंबायचं.

आई गेली तेव्हा मी त्या मित्राकडे गेलो. फिल्मच्या उरलेल्या तुकड्यांत कुठे चेहरा असेल तर दे म्हणालो, भिंतीवर लावायला काहीच नाही.

"चेहरा घेतला होता की," तो म्हणाला. "सुरुवातीलाच. फार सुंदर आला होता. म्हणूनच कापावा लागला. नाहीतर पायांकडे कोणी बघितलंच नसतं."

"मग तो तुकडा?"

"तो कशाला ठेवतोय? टाकला."

केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मला तिथे कळलं. मी पुन्हा त्याची पायरी चढलो नाही.

माझी मुलगी आजी कशी होती म्हणून फार विचारायची. शेवटी तिला मुंबईला एका गॅलरीत नेलं आणि त्या चित्रकाराच्या चित्रातले पाय दाखवले. तिनं ते पाहिले, मग मान वर केली आणि चौकटीच्या वरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत राहिली.