लग्नाळू पोरांचा कोड
रुचिरा परब घाटकोपरच्या असल्फ्याची. आजोबा मालवणहून गिरणीत आले, बाप टेम्पो चालवायचा, आणि ही मरोळच्या एका कंपनीत लग्नं जुळवणारी वेबसाइट बनवायची. डोक्याने तल्लख, डूख धरण्यात त्याहून पक्की.

शौनक तिचा वरिष्ठ. एकदा एका स्थळाच्या माहितीत वडिलांच्या दुकानाचं नाव ‘सावंत & सन्स’ऐवजी ‘सावंत &amp; सन्स’ असं दिसू लागलं. ब्राउझरने मजकुरातल्या खास खुणांना आज्ञा समजू नये म्हणून त्या बदलतात, त्याला एस्केपिंग म्हणतात; ते इथे चुकून दोनदा झालं होतं, एवढंच. शौनकने वैतागून एस्केपिंगच काढून टाकलं.

“अरे, असं नको करू,” रुचिरा म्हणाली. “लोक रकान्यात काहीही लिहितात. ‘<’ ही खूण ब्राउझरला आज्ञेची सुरुवात वाटते. टेम्प्लेटने, म्हणजे पानाच्या साच्याने, तिची ‘&lt;’ करूनच ती पानावर टाकायला हवी. नाहीतर कुणीही आपल्या पानावर स्वतःचा कोड चालवेल.”

“लग्नाळू पोरं कोड लिहिणार?” शौनक सगळ्यांसमोर हसला.

महिन्याभरात कुणीतरी लिहिलाच. मुलींची पानं उघडली की घाणेरडी चित्रं दिसू लागली. बापांचे फोनवर फोन. मीटिंगमध्ये शौनकने सरळ बोट दाखवलं, “टेम्प्लेट रुचिराचं होतं.” तिची नोकरी गेली. घरी तिने ‘कामच आवडत नव्हतं, म्हणून सोडलं’ असं सांगितलं, आणि राग आत धुमसत ठेवला.

पुढे वांद्र्याच्या एका कंपनीत तिला वेबसाइटमधली भगदाडं शोधायचं काम मिळालं. एका बड्या गिऱ्हाइकाने विकत घेण्याआधी एक लग्नं जुळवणारी वेबसाइट तपासायला दिली. बनवणारा शौनक, आता त्याची स्वतःची कंपनी होती. रुचिराने नावाच्या रकान्यात थोडा कोड टाकून पाहिला, आणि तो चालला. तेच भगदाड!

अशी चूक सापडली की वेबसाइट बनवणाऱ्याला गुपचूप कळवायची, हा तपासणाऱ्यांचा नियम. तिने कळवली नाही. एका खोट्या खात्याच्या नावात कोड भरून ठेवला आणि शौनक गिऱ्हाइकाला वेबसाइट दाखवणार होता, त्या सादरीकरणाला मागच्या खुर्चीत जाऊन बसली.

शौनकने ऐटीत स्थळांची यादी उघडली. पडदा पांढराफटक झाला आणि त्यावर भलीमोठी अक्षरं उमटली: ‘शौनक, लग्नाळू पोरं कोड लिहितात रे.’

शौनक चाचरला. “हे... हे पान इरावतीचं आहे.” शेजारी बसलेल्या इरावतीचा, त्याच्या हाताखालच्या मुलीचा, चेहरा उतरला.

रुचिरा उठली. “मरोळला माझं नाव घेतलं होतंस. एस्केपिंग तू काढलंस, नोकरी माझी गेली. हिला तरी सोड ना!”

“मी त्यांना एस्केपिंग काढू नका म्हटलं होतं,” इरावती हळूच म्हणाली.

गिऱ्हाईक उठून गेलं. सौदा बुडाला, आणि त्यापाठोपाठ शौनकची कंपनीही.

रुचिराच्या वरिष्ठ, उत्तरा मॅडम, मात्र भडकल्या. “चूक कळवायची असते, तमाशा करायचा नसतो. यापुढे तू गिऱ्हाइकासमोर जायचं नाहीस.”

“बरोबर आहे, मॅडम.”

तेव्हापासून ती आतल्या खोलीत बसूनच काम करते. पश्चात्ताप होतो का, असं कुणी विचारलं तर म्हणते, “कसला? त्याचा तो चेहरा आठवला की झकास झोप लागते.”