मळून ठेवलेली कणीक

फ्रिजमधून कणकेचा डबा काढला. सुकू नये म्हणून वरून तेलाचा हात फिरवलेला. आमच्याकडे पोळ्या करणारी मंगल काल संध्याकाळी मळून ठेवून गेली. आज सोसायटीत काम करणाऱ्या सगळ्या बायका रविवारची सुट्टी मागत फाटकाबाहेर बसल्या आहेत. तीही त्यांच्यात आहे.

"ताई, उद्या येणार नाही. तेवढ्या पोळ्या लाटून घ्या," ती म्हणाली होती.

"मी दिली असती गं सुट्टी. पण कुणी परस्पर द्यायची नाही, असं सोसायटीचं ठरलंय."

"आमचंही ठरलंय," ती म्हणाली आणि नेहमीसारखा ओटा पुसून गेली.

आमचं दोघींचं कधी वाजलेलं नाही. मला ताप आला की ती न सांगता पेज करून ठेवते. पण रविवारी मला उशिरापर्यंत झोपता येतं, ते ती लवकर उठते म्हणून. सगळी मांडणीच अशी असेल, तर आम्ही दोघी चांगल्या असून काय उपयोग?

खालून घोषणा ऐकू येतायत. त्यातला तिचा आवाज मला ओळखू येतो.

कणीक मात्र रोजच्यासारखीच मऊ आहे.