सुकटीच्या डब्यातल्या गोळ्या

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय! नुकतीच नेमबाजीच्या रेंजवरून आलेय, शूजसुद्धा काढले नाहीत. उद्यावर टाकलं तर नाहीच सांगता येणार.

आमच्या काकी तळहात पुढे करून म्हणायच्या, "दाखव." बस, एवढंच. "काकी, रायफल रिकामी आहे" म्हटलं की हात पुढे. "तू बघितलंस. मी न्हाय बघितलं. दाखव." मग स्वतः रायफलचा बोल्ट उघडणार, आत गोळी नाही ना म्हणून टॉर्च मारणार, पुन्हा एकदा मारणार. पोलिसातून रिटायर झाल्यावर थळजवळच्या आमच्या छोट्याशा रेंजवर नेमबाजी शिकवायला यायच्या. ट्रॅक पँट आणि डोक्यात अबोलीचा गजरा!

तुम्ही बघायला हवं होतं त्यांना. एका होळीला शेजारच्या पोराने पिचकारी रोखली, तर ह्या जोरात ओरडल्या, "तोंड खाली!" पोरगं इतकं दचकलं की सगळा रंग स्वतःच्याच पायावर. काकींनी पिचकारी घेतली, रिकामी केली, आत बघितलं, मग परत दिली. अगदी गंभीरपणे.

मी सगळं शिकले क्लबच्या रायफलवर. स्वतःची कधी येतेय असं झालेलं. काकींना सांगून ठेवलेलं, "माझ्या रायफलची पहिली गोळी तुमच्यासमोर मारणार." त्या म्हणायच्या, "आदी लायसन्स तर येऊ दे."

आलं लायसन्स! रायफलपण आली, सेकंडहँड पण काय देखणी! गोळ्या मी दुकानातून आणल्या. आणि इथे बाबांनी डोकं चालवलं. आमच्याकडे खाऱ्या हवेत मीठसुद्धा पाणी सोडतं. गोळ्यांचा पुठ्ठ्याचा खोका मऊ पडलेला बघून बाबांनी सगळ्या गोळ्या एका हवाबंद डब्यात भरल्या आणि कपाटाला कुलूप लावलं. डबा आईचा, सुक्या मासळीचा, म्हणजे सुकटीचा. खोका कचऱ्यात.

रेंजवर काकींनी आधी रायफल घेतली. बोल्ट उघडला, नळीतून सळईने कापड फिरवलं, चष्मा चढवून, कुठली गोळी चालते ते नळीवर कोरलेलं मोठ्याने वाचलं. "बेस हाय गं." मला वाटलं, झालं! मग त्यांनी डबा उघडला.

"ह्या गोळ्या हायत का कालवणाची तयारी?"

सगळी रेंज हसली. मीपण.

"खोका कुठाय?"

"टाकला बाबांनी. पण पॉइंट टू टूच आहेत काकी, रायफलच्याच मापाच्या, मीच आणल्यात."

"पॉइंट टू टूमदे काय एकच असते? आखूड असते, लांब असते, मॅग्नम असते. बुडावर नुसतं कंपनीचं अक्षर. कुठली त्ये खोक्यावर लिवलेलं. आन् सुकटीत राहून ओलावल्या का काय, त्ये कोन सांगनार?"

"बघा ना, सारख्याच दिसतायत!"

"दिसतायत. नुसत्या दिसन्यावर मी पोर उभी न्हाय करत."

डबा बंद. दुकानात परत द्यायच्या म्हणून बाजूला कुलपात. मी चिडले, "एकच मारू द्या" म्हणून रडकुंडीला आले.

"रूस," त्या म्हणाल्या. "दोन्ही डोळं शाबूत ठेवून रूस."

नवीन गोळ्या यायला वेळ लागला. मधेच काकींच्या छातीत दुखायला लागलं, म्हणून रेवसहून बोटीने मुंबईला तपासायला गेल्या. तिथून फोन, "गोळ्या आल्या का गं?" म्हटलं, नाही अजून. "आल्या तर खोका फोडू नको. मी येते."

काकी नाही आल्या. हॉस्पिटलातच गेल्या.

नवीन खोका कितीतरी दिवस मी तसाच ठेवला, सील न फोडता. आज फोडला. खोक्यावरचं वाचलं, नळीवरचं वाचलं, जुळलं. नवीन सर बाजूला होते, त्यांनीपण बघून मान हलवली. आणि मारली.

नऊ! पहिल्याच गोळीला दहापैकी नऊ! बोल्ट उघडा करून रायफल खाली ठेवली आणि "काकीsss" म्हणत मागे वळले. खरंच वळले. मागे खुर्चीवर कुणाची तरी बॅग होती. सर म्हणाले, "छान," आणि पुढच्या लेनकडे गेले.

तुमचं झालंय का असं? काहीतरी मस्त जमलं, आणि ज्या एका माणसाला दाखवायचं होतं, तेच नाही? मग तुम्ही कुणाला दाखवलंत?