ते ड्युटीवर नव्हते म्हणे

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. माहेर सोनगीरचं, किल्ल्यावरच्या नाही नाही त्या गोष्टी ऐकत वाढले, पण कधी घाबरले नाही. विश्वास ठेवला तो फक्त सरकारी शब्दावर... आणि त्याचीच फळं भोगतेय.

माझे मिस्टर जळगावला अ‍ॅम्ब्युलन्सवर ड्रायव्हर होते, ठेकेदाराकडून. राहायला आम्ही असोद्याला. कोरोनात त्यांनी महिना महिना घरात पाऊल ठेवलं नाही. पेशंट सोडून परतताना गाडी कोपऱ्यावर थांबवायचे आणि हॉर्न द्यायचे — दोन छोटे, एक लांब. मी कळण्याची भाकरी आणि ठेच्याचा डबा पारावर ठेवून मागे सरायची, मग ते उतरून घ्यायचे. तो हॉर्न शेजारच्या म्हशीसुद्धा ओळखायच्या.

त्याच ड्युटीत त्यांना लागण झाली आणि ते गेले. कोरोना ड्युटीत गेलेल्यांच्या घरच्यांना सरकारने मदत जाहीर केली होती. मला शिलाईच्या जोरावर दोन पोरी शिकवायच्या आहेत, म्हणून अर्ज केला. तेव्हापासून चपला झिजवतेय. कधी साहेब मीटिंगला, तर कधी ठेकेदाराची सही नाही. आता ठेकेदारच गायब, तर सही मी कुठून आणू?

त्या दिवशी सोबतीला नाना, म्हणजे माझे वडील, मुद्दाम सोनगीरहून आले होते. भर दुपार, लाइट गेलेली, पंखा बंद. क्लार्कने फाइल चाळली आणि म्हणाला, लागण झाली त्या आठवड्यात तुमचे मिस्टर ड्युटीवर नव्हतेच, रजा लागलीय. रजा? त्याच आठवड्यात मी रोज पारावर डबा ठेवत होते!

मी तोंड उघडणार, तोच खिडकीबाहेर हॉर्न वाजला. दोन छोटे, एक लांब.

माझ्या हातातली पिशवी पडली. खिडकीखाली आवारात मिस्टरांचीच गाडी उभी होती, भंगारात काढलेली, चाकं नसलेली, विटांवर. शिपाई जाऊन बघून आला. म्हणाला, "बॅटरीच नाही साहेब तिच्यात. वायरी उंदरांनी खाल्ल्यात." क्लार्क नेटाने पुन्हा म्हणाला, ते ड्युटीवर नव्हते... पुन्हा तोच हॉर्न. या वेळी शेवटचा चांगलाच लांबला. चिडले की हे तसाच द्यायचे.

नाना हळूच म्हणाले, "हाऊ तेनाच हॉर्न शे."

क्लार्क घोटभर पाणी प्यायला. "ताई, मी ऐकलं," तो म्हणाला. "पण हे वर कसं लिहू?"

घ्या! मेलेला माणूस हजेरी लावून गेला, तरी यांना पुरावा हवाच. खाली उतरल्यावर मी त्या गाडीवरच भडकले. म्हटलं, एवढ्या लांबून आलात ते हॉर्न मारायला? ज्याची सही हवी त्या साहेबाच्या उशाशी जाऊन वाजवा की! मग तिथेच बॉनेटवर डोकं टेकून रडले. इतक्या वर्षांत त्यांच्याशी भांडायलाही मिळालं नव्हतं.

आम्हां चौघांना एकाच वेळी भास कसा झाला, कुणी शास्त्रीय कारण सांगितलं तर जरूर ऐकेन. मला तरी अजून उत्तर सापडलेलं नाही.

मागच्या महिन्यात पुन्हा गेलो. क्लार्कची बदली झाली होती. त्याच्या जागी आलेल्या बाईंनी फाइल उघडली आणि तेच वाक्य म्हणाल्या, ते ड्युटीवर नव्हते. मी खिडकीकडे कान लावून बसले. काहीच नाही. उठून खाली पाहिलं, तर नुसत्या विटा. गाडी लिलावात गेली होती.

बाईंनी विचारलं, बाहेर काय बघताय?

नाना उठले. फाइल माझ्या पिशवीत घातली आणि म्हणाले, "चाल माय. आज तेले सुटी शे."