सध्यापुरती गाडी

जर्मनीतल्या आखन शहरात स्वतःची एकही गाडी नसताना सर्वांत जास्त गाड्या चालवलेला माणूस कोण, असं कोणी विचारलं तर मी डोळे मिटून माझ्या साडूंकडे बोट दाखवीन. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान. विद्यापीठाजवळच्या एका संशोधन संस्थेत, स्प्रिंग किती वेळा दाबली म्हणजे तुटते हे मोजण्याचं काम ते करत. एकेक स्प्रिंग तुटायला महिनोन् महिने लागतात आणि तोवर तिच्याविषयी कोणतंही मत बनवायचं नसतं. ही शिस्त ते संध्याकाळी डब्याबरोबर घरी घेऊन येत. आपण काहीही म्हटलं तरी आधी "गेनाऊ" (जर्मनमध्ये ‘अगदी बरोबर’) म्हणून ते पूर्ण सहमती दाखवायचे, मग "पण" म्हणायचे, आणि मग चहा गार व्हायचा.

त्यांचा आवडता शब्द ‘सध्यापुरतं’. जर्मनीत ते दोन वर्षांसाठी आले होते आणि मी सांगतोय तेव्हा त्याला सात वर्षं होऊन गेली होती. दिवाणखान्यातला सोफा मायदेशी निघालेल्या एका विद्यार्थ्याकडून सध्यापुरता घेतलेला. खिडक्यांना पडद्यांऐवजी सध्यापुरत्या चादरी. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, कारण घर सोडताना भोकं बुजवून द्यावी लागतात. त्यामुळे लग्नाचा मोठा फोटो जमिनीवर भिंतीला टेकून उभा असे, आणि पाहुण्यांना तो नीट बघायचा तर खाली मांडी घालून बसावं लागे. मी दोनदा बसलोय. तळघरात टीव्हीपासून मिक्सरपर्यंत प्रत्येक वस्तूचं मूळ खोकं आतल्या थर्माकोलसकट जपलेलं होतं, परत जाताना सामान बांधायला सोपं पडावं म्हणून. एकदा लपाछपीत त्यांची लेक त्या खोक्यांत शिरली ती तासभर सापडली नाही.

दर रविवारी दुपारी ते फोनकार्डावरचा नंबर खरवडून कराडजवळच्या गावी वडिलांना फोन लावत. अण्णा साखर कारखान्यात आयुष्यभर बॉयलर सांभाळून निवृत्त झालेले, एकटेच राहत. पाऊसपाणी झालं, गुडघे झाले, की शेवटी अण्णांचा प्रश्न ठरलेला: "मग, कधी येणार परत?" साडू म्हणत, "बघू अण्णा, हे एवढं काम संपलं की." फोन ठेवल्यावर पुढचा अर्धा तास ते तळघरात खोकी नीट लावत बसत. आम्ही त्यांची चेष्टा सगळ्या गोष्टींवरून करायचो, या एका गोष्टीवरून कधी केली नाही.

अशा माणसाच्या घरात गाडीचा विषय निघाला. माझ्या मेहुणीला शहराबाहेर नोकरी लागली होती. दोन बस, मध्ये थांबा, आणि आखनचा तो कधीही सुरू होणारा चिकट पाऊस. "मला गाडी हवी," तिने जाहीर केलं. "कुठलीही चालेल. वर छप्पर असलं की झालं." साडू म्हणाले, "गेनाऊ. पण कुठलीही कशी? अण्णा येणार आहेत ना." अण्णांचे गुडघे वाकत नसत. त्यामुळे गाडीचा प्रकार मात्र चटकन ठरला: उंच, तरी गल्लीत मावणारी, दिसायला जीपसारखी पण जीप नव्हे अशी. अण्णांच्या खुर्चीची उंची साडूंनी गावातल्या शिंप्याकडून मोजून मागवली, आणि शिवणाची टेप घेऊन ते दुकानोदुकानी गाड्यांच्या सीटा मोजत हिंडले. दोन इंचांनी एक चांगली गाडी नापास झाली.

प्रश्न एकच उरला: विकत घ्यायची की लीजवर? लीज म्हणजे तीन वर्षं वापरायची आणि परत द्यायची. म्हणजे गाडीच सध्यापुरती. साडू झडप घालतील असं आम्हांला वाटलं. "गेनाऊ," ते म्हणाले, "पण तीन वर्षं आपण इथेच आहोत, हे आज लिहून कसं द्यायचं?" मग विकत घ्या. "विकत घ्यायची म्हणजे राहायचंच ठरवलं असं होतं." या दोन वाक्यांच्या मध्ये ते दोन वर्षं उभे होते. त्यासाठी एक फाइल झाली, तिला मधोमध लाल पुठ्ठा. डावीकडे लीज, उजवीकडे विकत. लीजच्या गाडीला किलोमीटरची मर्यादा असते, म्हणून आपण गाडी घेतली असती तर ती किती चालली असती हे काढण्यासाठी ते वर्षभर बसमध्ये वही घेऊन बसले. परत देताना गाडीवर ओरखडा चालत नाही, म्हणून ट्रायलच्या गाडीतही ते आम्हांला चपला काढायला लावत. ट्रायल म्हणजे प्रोबेफार्ट. ती दर शनिवारी असे. मेहुणी बिचारी त्यात आठवड्याचा भाजीपाला उरकून घ्यायची. आखनपासून दोन्ही सीमा हाकेच्या अंतरावर; तरी अर्ध्या तासाच्या प्रोबेफार्टमध्ये हॉलंडला जाऊन, बेल्जियमवरून परत येणारं दुसरं गिऱ्हाईक आपण पाहिलं नाही, असं तो विक्रेता मला एकदा म्हणाला. बिचारा मिशाळ, मऊ बोलणारा माणूस. पहिल्या दिवाळीला साडूंनी त्याला चिवडा दिला आणि दुसऱ्या दिवाळीला त्याने आपण होऊन मागितला.

जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक झाला त्या उन्हाळ्यात अण्णा आले. गाडी अर्थातच ठरली नव्हती. साडूंनी विक्रेत्याला गळ घातली आणि एक पांढरी गाडी शनिवार ते सोमवार मिळवली. विमानतळावर मी सामान उचलायला बरोबर होतो. अण्णा धोतर सावरत बाहेर आले, गाडीपाशी थांबले, सीटवर टेकले आणि एका झटक्यात आत बसले. गुडघ्यांनी हूं की चूं केलं नाही. साडूंच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद आधी पाहिला नव्हता, त्यामुळे ‘गाडी आपली नाही’ हे सांगायचं राहून गेलं.

रस्त्यात दर दुसऱ्या गाडीच्या खिडकीवर काळा-लाल-पिवळा झेंडा फडफडत होता. अण्णा बराच वेळ बघत होते. "इथेही गाड्यांना सजवतात तर," ते म्हणाले. "मग आपलीच बोडकी का?" अण्णांना उत्तर नकोच होतं. गाडीचं ठरतंय, ठरतंय असं दोन वर्षं ऐकत होते; ते तयारीनेच आले होते. घरी पोचताच त्यांनी बॅगेतून पंच्यात गुंडाळलेला नारळ काढला, हळदकुंकवाच्या पुड्या काढल्या आणि लिंबंही काढली. फुटपाथवर आम्ही सगळे रांगेत उभे राहिलो. समोरच्या आजीबाई खिडकीत कोपर टेकून बसल्या. अण्णांनी पांढऱ्या बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं ओढली, चाकांखाली लिंबं ठेवली आणि दगडी कडेवर एका फटक्यात नारळ फोडला. तेवढ्यात साडूंची लेक स्पष्ट जर्मनमध्ये म्हणाली, "ही आपली गाडी नाहीये." घरातल्या सर्वांना समजलं, फक्त अण्णांना नाही. "काय म्हणते पोर?" साडू म्हणाले, "आवडली म्हणते." अण्णांनी तिच्या हातावर खोबरं ठेवलं.

कुंकू निघतं. हळद निघत नाही. सोमवारी सकाळी साडू टूथब्रशने बॉनेट घासत होते आणि मी पाणी ओतत होतो, तेव्हा अण्णा काठी टेकत खाली आले. "रोज धुतोस?" त्यांनी कौतुकाने विचारलं. साडूंनी ब्रश खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. अण्णा पायरीवरच्या कठड्याला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "नीट सांग." मग फाइल आली. डावीकडची बाजू झाली, लाल पुठ्ठा झाला, उजवीकडची झाली. अण्णांनी बॉयलरचा काटा बघावा तसं सगळं लक्षपूर्वक पाहिलं.

"तीन वर्षांनी परत का द्यायची?" त्यांनी विचारलं.

"तोवर कदाचित आम्हीच परत आलेलो असू."

"असं कोण म्हणालं?"

साडू एकदम लहान मुलासारखे चिडले. "तुम्हीच विचारता ना अण्णा, दर रविवारी. कधी येणार, कधी येणार. मी काय ठरवू मग?"

अण्णांनी हातातली काठी दोनदा या हातातून त्या हातात घेतली. "अरे, ते होय," ते म्हणाले. "बोलणं संपत आलं की तू फोन ठेवशील असं वाटतं. मग काहीतरी विचारायला नको?"

मी बादली उचलून पाणी आणायला गेलो. बादली भरलेलीच होती.

परत आलो तेव्हा अण्णा बॉनेटवर हात ठेवून उभे होते. "नारळ फोडलाय," ते म्हणाले. "परत द्यायची नाही. इथे आहेस तर नीट राहा. आणि तो फोटो भिंतीवर लाव, मला खाली बसून बघता येत नाही." त्याच दुपारी साडूंनी गाडी विकत घेतली. विक्रेत्याने पेन पुढे करताना दोनदा विचारलं, "नक्की ना?" साडू म्हणाले, "गेनाऊ." आम्ही सगळे ‘पण’ची वाट पाहत होतो. तो आला नाही.

अण्णा तीन महिने राहून गेले आणि पुन्हा काही आले नाहीत. गुडघ्यांना आता विमानही झेपत नाही. मेहुणीने खरे पडदे आणले. फोटो भिंतीवर गेला. रविवारचा फोन अजून जातो, पण शेवटी अण्णा "कधी येणार" विचारत नाहीत. "गाडी बरी आहे ना?" असं विचारतात. आता त्याला "बरी आहे" म्हटलं की फोन संपणार. म्हणून साडू सांगत बसतात. पुढचं चाक जरा ओढतंय. वायपर करकरतात. अण्णा तिकडून उपाय सांगतात, साडू "हं, हं" म्हणत वहीत लिहून घेतात, आणि कार्ड संपून फोन आपोआप तुटेपर्यंत हे चालतं. गेल्या रविवारी मागच्या दाराच्या आवाजावर वीस मिनिटं झाली. मी त्याच गाडीतून, मागेच बसून आलो होतो. दाराला काहीही झालेलं नाही.